अर्ध्या डिग्रीचे खंडारे साहेब

खंडारे साहेब नव्या माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत. ते आधी त्याच्या चपलेकडे पाहत.

अमरावतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत माझी बदली झाली तेव्हाची गोष्ट. पहिल्या दिवशी हजर झाल्याचा कागद घेऊन मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी कागद हातात घेतला, पण डोळे फरशीवरच ठेवले. मग म्हणाले, "एक चप्पल काढा बरं."

मला वाटलं, प्रयोगशाळेत चपला चालत नसतील. मी दोन्ही काढल्या. त्यांनी उजवी उचलली, उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली आणि टाचेवरून अंगठा फिरवला. एखाद्या वैद्यानं जीभ पाहावी तसं.

"बाहेरून घासून राह्यली. कॅम्बर चुकला तुमचा. अर्धी डिग्री."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमी सरके उभे नाही. वळनावर मार खासान."

एवढं बोलून त्यांनी चप्पल मला परत दिली, माझ्या कागदावर सही केली आणि मातीच्या पिशव्यांकडे वळले. मी अनवाणी उभा. शेजारच्या टेबलावरचे दोघं बाबू मात्र शांत होते. त्यांचे पाय खुर्चीखाली आत ओढलेले होते. त्या ऑफिसात सगळ्यांनाच पाय आत ओढून बसायची सवय लागलेली होती, हे मला नंतर कळलं. एकदा मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांसोबत ग्रुप फोटो काढायचा होता, तेव्हा खंडारे फोटोग्राफरकडे न पाहता साहेबांच्या बुटांकडे पाहत राहिले. तो फोटो अजून ऑफिसात लटकलेला आहे. सगळे समोर बघतायत, खंडारे खाली, आणि त्यांच्याकडे पाहून साहेबही खाली.

कॅम्बर म्हणजे गाडीच्या चाकाचा आत किंवा बाहेर झुकाव. आणि गाडी म्हणजे खंडारेंची गाडी: हातभर लांब, बॅटरीवर चालणारी, रिमोटनं पळणारी रेसची टुरिंग कार. दिसायला रस्त्यावरच्या मोटारीसारखी, फक्त इतकी बुटकी की तिच्या पोटाखालून मुंगीलाही वाकून जावं लागेल.

हे वेड त्यांनी पुण्याहून आणलं. सरकारनं त्यांना मातीतलं नत्र मोजायच्या नव्या पद्धतीच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. जिथं उतरले त्या इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये रविवारी काही सुखवस्तू माणसं असल्या गाड्या पळवत. नत्राचं काय झालं देव जाणे, पण परत येताना खंडारेंच्या बॅगेत त्या प्रकारातली सगळ्यात स्वस्त गाडी होती, सुट्या भागांच्या खोक्यात. बेअरिंगच्या जागी प्लास्टिकच्या कड्या, साधी मोटर, साधी बॅटरी. पुण्याच्या त्या लोकांनी म्हणे तिला हसून "सुरुवात करायला ठीक आहे" असं म्हटलं होतं. हे वाक्य खंडारेंना फार लागलं.

"पैसा कोनीबी ओतते," ते म्हणत. "गाडी मोटरनं नाही पयत राऊतभाऊ, डोक्श्यानं पयते."

हे डोकं ते घरात चालवत. शॉकअ‍ॅब्झॉर्बरमध्ये शिलाई मशीनचं तेल. चाकं किती झुकली हे टेबलावर पाहायला कंपासपेटीतला कोनमापक. टायर जमिनीला चिकटावेत म्हणून त्यांना गंधपुऱ्याचं तेल चोळायचं, हा त्यांचा सगळ्यात मोठा शोध. हे तेल मूळचं त्यांच्या आईच्या गुडघ्यांसाठी आणलेलं. त्यामुळे खंडारेंची गाडी जवळून सुसाट गेली की मागे गुडघेदुखीचा वास रेंगाळायचा.

त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एकदा मी घरी गेलो तर त्या स्वयंपाकघरात कुकरचं झाकण हातात धरून उभ्या होत्या.

"राऊतभाऊ, तुमीच इचारा यायले. कुकरची रिंग कुठं गेली?"

खंडारे पेपर वाचत होते. पेपरच्या आडून आवाज आला, "मागच्या बंपरले लावली. धक्का सोसते."

"अन् मी वरन कायात शिजवू?"

"पातेल्यात. अर्धी डिग्री कमी शिजलं तं काही बिगडत नाही."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले परीक्षा सोडून नोकरीले लागले हे. अर्धी डिग्री राह्यली ते राह्यलीच. तवापासून सगयीकडं तेच शोधून राह्यले."

खंडारेंनी पेपर खाली केला नाही, पण पान हललं. हसत असावेत.

गाडी पळवायला जागा लागते, आणि ती गुळगुळीत लागते. त्या वर्षांत आमच्याकडे एकाच गोष्टीची चैन होती, ती म्हणजे बंद पडलेल्या जिनांची, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांची. बडनेरा रोडवर एक जुनं जिनिंग होतं. एकेकाळी दिवाळीनंतर तिथं कापसाच्या बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. आता फाटकाला साखळी आणि आत कापूस ओतायचा सिमेंटचा भलामोठा ओटा, रिकामा. चौकीदार शेषराव दिवसभर एकटा. राखायला काही उरलं नव्हतं तरी तो मन लावून राखायचा. खंडारेंनी त्याच्याशी दोस्ती केली, ओटा धुऊन घेतला आणि त्यावर शर्यतीचा मार्ग आखला.

वळणांवर ठेवायला त्यांनी ऑफिसातल्या तपासून झालेल्या मातीच्या पिशव्या आणल्या. प्रत्येक पिशवीला गावाची चिठ्ठी असे. त्यामुळे वळणांना आपोआप नावं पडली. पहिलं वळण चांदूर रेल्वे, दुसरं मोर्शी, आणि शेवटचं, सगळ्यात अवघड, दर्यापूर. "दर्यापूरले उलटली" असं कुणी म्हटलं की शेषराव आधी एस.टी.चीच चौकशी करायचा.

बॅटरी चार्ज करणं हा वेगळा ताप. बारा-बारा तास लोडशेडिंग. खंडारेंच्या खिशात लोडशेडिंगचं वेळापत्रक असे. शेतकऱ्याला पंपासाठी लागे तितक्याच तातडीनं ते यांना लागे. ऑफिसची लाइन गेली की ते आपल्या स्कूटरच्या बॅटरीवर गाडीची बॅटरी चार्ज करत. मग संध्याकाळी स्कूटर ढकलत घरी जात आणि बॅटरी पूर्ण भरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असे.

आता यासीनभाईंबद्दल सांगायला हवं.

एका रविवारी ओट्यावर खंडारे गाडी पळवत होते, मी पाहत होतो. चांगली चाललेली गाडी अचानक जागच्या जागी गरगर फिरली आणि खंडारे "डावी!" म्हणून ओरडत असताना उजवीकडे सुटली. थांबवली तर पळाली. पळवली तर थांबली. शेषराव हात जोडून उभा राहिला. त्याच्या मते जिनात काहीतरी होतंच.

तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला, "भाईसाब, तुमची गाडी माह्यं ऐकून राह्यली!"

पांढरी टोपी, पान खाऊन लाल झालेले ओठ आणि हातात खंडारेंच्यासारखाच रिमोट. हे अकोल्याचे यासीनभाई, मोटर वाइंडिंगचं दुकान. बंद जिनातल्या मोटरी उतरवायच्या कामासाठी ते आधी एकदा येऊन गेले होते. तेव्हा शेषरावानं त्यांना सांगितलं होतं की इथं एक साहेब लहान पोरासारखी गाडी खेळतात. या वेळी ते आपली गाडी घेऊनच आले. त्यांच्या एका नातेवाइकानं सौदीहून आणलेली, तीसुद्धा त्या प्रकारातली स्वस्तच. दोघांच्या रिमोटची लहर एक निघाली, म्हणून फाटकापाशी यासीनभाईंनी रिमोट सुरू केला आणि खंडारेंची गाडी त्यांची झाली.

खंडारे तरातरा चालत गेले. मला वाटलं आता भांडण. ते यासीनभाईंच्या समोर उभे राहिले, त्यांच्या गाडीकडे वाकले आणि म्हणाले, "टो-इन किती ठेवला?" म्हणजे चाकांची पुढची टोकं आत किती वळवली.

यासीनभाई म्हणाले, "एक डिग्री. काहून, जादा हुआ क्या?"

"अर्धी बस हाय."

आणि दोघं तिथंच उन्हात, फाटकात, मांडी घालून बसले. मी आणि शेषराव तासभर सावलीत उभे. मध्येच शेषराव मला म्हणाला, "साहेब, हे भांडून राह्यले का सोयरिक जमवून राह्यले?"

एका रिमोटची लहर बदलून घेतली, आणि तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी शर्यत. यासीनभाई पॅसेंजरनं अकोल्याहून बडनेऱ्याला उतरत, खंडारे स्कूटरवर घ्यायला जात. वाटेत एक अक्षर बोलत नसत, कारण शत्रू. यासीनभाईंची ताकद मोटरमध्ये होती. ते सीलबंद मोटरचं पत्र्याचं कवच उचकटत, आतली तार काढून जाड तारेचे कमी वेढे घालत, आणि गाडी सरळ रस्त्यावर बंदुकीसारखी सुटे. खंडारेंची ताकद वळणांत. सरळ मार्गावर यासीनभाई पुढे, दर्यापूरला खंडारे पुढे. शेवटच्या फेरीत दोघंही एकमेकांना घालून पाडून बोलत.

"क्या खंडारे, गाडीले आज जुलाब दिला क्या?"

"मोटर जयून राह्यली यासीनभाई, वास घ्या!"

"वो तो तेरे गुडघे का वास है!"

शर्यत संपली की खंडारे आपल्या गाडीवर टॉवेल टाकत. झुकाव किती, तेल कोणतं, कोणालाही दिसू नये. यासीनभाई मोटर काढून खिशात घालत. मग दोघं एकाच डब्यातून वहिनींच्या हातची भाकर आणि झुणका खात.

याच ओट्यावर एक प्रसंग घडला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या वर्षांत आमच्याकडे पाहणी करायला पथकं येत. दिल्लीहून, मुंबईहून. गावांना जात, विष घेतलेल्या शेतकऱ्यांच्या घरांना जात, कागद भरत. अशाच एका पथकाला बंद पडलेलं जिनिंग दाखवायचं म्हणून आमच्या जिनात आणलं गेलं. आम्हाला कल्पना नव्हती. मी फाटकाबाहेर चहा आणायला गेलो होतो. खंडारे ओट्यावर पालथे पडून, गाल सिमेंटला टेकवून, गाडीच्या पोटाखाली किती फट आहे ते पाहत होते. गाडी पलीकडे, त्यांच्या डोक्याआड. अलीकडून दिसत होता तो रिकाम्या जिनात पालथा पडलेला, न हलणारा माणूस आणि हाताजवळ एक छोटी बाटली, झाकण उघडं.

मी चहा घेऊन परतलो तेव्हा पथकातल्या एक बाई किंचाळत होत्या. दोघांनी खंडारेंना उताणं केलं होतं. एकानं त्यांचं तोंड उघडून घशात बोटं घातली होती. ड्रायव्हर "मीठ, मिठाचं पाणी आणा" म्हणून धावत होता. खंडारे बोटांच्या आडून ओरडत होते, पण शब्द कळत नव्हते. शेवटी त्यांनी त्या माणसाच्या बोटाला चावा घेतला.

"गंधपुरा हाय! गंधपुरा! टायरचा!"

एकानं बाटलीचा वास घेतला. मग सगळ्यांनी गाडी पाहिली. शेषराव हसायला लागला, मीही हसलो. खंडारे थुंकत, तोंड पुसत उठले आणि कडाडणार होते, तेवढ्यात ज्यांनी घशात बोटं घातली होती ते गृहस्थ ओट्याच्या कडेला खाली बसले. चांगले वयस्कर होते. म्हणाले, "सॉरी. आम्ही आत्ताच एका घरून आलो."

खंडारेंनी माझ्या हातातला चहा घेतला आणि त्या गृहस्थांच्या हातात दिला. बशी धरून समोर उभे राहिले, त्यांचा चहा संपेपर्यंत.

नंतर त्यांनी बाजारातून लांब दांड्याचा लहान आरसा आणला, आणि गाडीखालची फट त्या आरशातून, उभ्यानं, वाकून पाहू लागले. कंबर दुखायची. मी म्हटलं, "आपलंच जिन आहे, झोपा की खुशाल." तर म्हणाले, "नाई राऊतभाऊ. सध्याच्या दिवसात वऱ्हाडात मानसानं पालथं पडू नये. पाहनाऱ्याच्या काळजाले लागते."

पुढच्या हिवाळ्यात यासीनभाई हरू लागले.

एकदा, दोनदा, सलग चारदा. पहिल्याच वळणावर गाडी पिशवीवर. खंडारेंना आनंद लपवता येत नव्हता. ऑफिसात शेतकरी मातीचा नमुना घेऊन आला की त्यालाही सांगत, "अकोल्यावाल्यायचं काही खरं नाही." यासीनभाईही हसण्यावारी नेत. "मोटर जास्त तेज हो गई," म्हणत. "काबू में नाही येत."

मग एका रविवारी यासीनभाईंनी नवं कवच चढवून आणलं. आधीची गाडी राखाडी होती. ही भडक, डोळ्यांत घुसणाऱ्या संत्र्याच्या रंगाची. खंडारे अस्वस्थ झाले. रंगात काहीतरी डाव असणार. पेंट हलका असेल. हवेचा विरोध कमी करत असेल. महिनाभर ते हाच विचार करत राहिले, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनीही आपली गाडी तशीच, हुबेहूब संत्रा रंगाची केली. "आता पाहू," म्हणाले.

शर्यत सुरू झाली. दोन संत्री ओट्यावर सुटली. पहिल्या फेरीत चांदूर रेल्वेच्या वळणावर यासीनभाईंची गाडी सरळ गेली आणि जिनाच्या भिंतीला धडकून उताणी पडली, चाकं हवेत भिरभिरत. मी जोरात हसलो. पण यासीनभाईंनी रिमोट सोडला नाही. ते वळवत राहिले. मान डावीकडे, उजवीकडे, ओट्यावरून सुसाट पळणाऱ्या गाडीमागे. त्यांचा चेहरा फुलला होता. दर्यापूर छान निघालं, तसे ते ओरडले, "देखा? देखा खंडारे? आज नाही सोडत तुले!"

ते खंडारेंची गाडी पाहत होते.

खंडारेंच्या लक्षात यायला अर्धी फेरी लागली. त्यांनी भिंतीजवळच्या गाडीकडे पाहिलं, यासीनभाईंच्या अंगठ्यांकडे पाहिलं. हसू विरलं. गाडी थांबवता आली असती, पण त्यांनी थांबवली नाही. ती फेरी पूर्ण केली, चुन्याच्या रेषेवरून गाडी नेली आणि मगच रिमोट खाली ठेवला.

"जीत गया!" यासीनभाई म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर खंडारेंनी माझ्या पायावर पाय दिला. पण शेषराव भाबडा. तो भिंतीजवळून गाडी उचलून घेऊन आला आणि म्हणाला, "भाई, तुमची तं हे इथं पडेल हाय."

यासीनभाईंनी गाडी हातात घेतली. चाचपली. मग म्हणाले, "शुगर हाय मले. डोयाच्या मागचा परदा खराब झाला. डॉक्टर म्हनते, जितकं गेलं ते गेलं. भडक रंग तेवढा दिसते." थोडं थांबून, "तुले सांगितलं असतं तं तू सोडून खेळला असता. म्हनून नाही सांगितलं."

खंडारे एवढंच म्हणाले, "भाकर खाऊन घ्या."

पंधरा दिवसांनी ऑफिसात खंडारेंच्या नावानं एक खोकं आलं. पॅसेंजरनं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं आणून दिलं. आत ती संत्रा रंगाची गाडी, रिमोट, खास वाइंड केलेल्या तीन मोटरी आणि यासीनभाईंनी मुलीकडून लिहून घेतलेली चिठ्ठी: "खंडारे, गाडी तुझ्यापाशी ठेव. माझ्यापाशी राहिली तर भिंतीवर मरेल. मोटर दोन नंबरची चांगली आहे, दर्यापूरला दाबू नको."

ज्या मोटरी ते खिशात लपवून नेत, त्या आता उघड्या टेबलावर होत्या. खंडारेंनी त्यांना हात लावला नाही. त्या दिवशी त्यांनी तपासलेल्या सगळ्या मातीच्या नमुन्यांवर एकच आकडा लिहिला. ते सगळे नमुने मला दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे लागले.

त्यानंतर महिनाभर ते पाच वाजले की ऑफिसातून थेट जिनात जात. मला बोलवत नसत. मी समजलो, आता दोन गाड्या झाल्या, एकट्याचा खेळ सुरू असेल. जरा रागही आला.

एका शनिवारी ते माझ्या टेबलाशी आले. "उद्या अकोल्याले चला. माह्यी गाडी तुमाले चालवा लागते."

"मला? मी दोनदा हातात घेतलीय फक्त."

"तेवढं पुरते."

यासीनभाईंच्या दुकानामागं सरकी साठवायचं एक गोदाम होतं. ते त्या वर्षी रिकामंच होतं. आम्ही दोन गाड्या घेऊन उतरलो तेव्हा यासीनभाई दुकानाच्या पायरीवर बसलेले. आत त्यांचा जावई काम करत होता. खंडारेंचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, आणि काय आणलंय ते कळल्यावर चेहरा बदलला.

"मजाक करायले आला क्या?"

"मजाक करायचा असता तं एकटा आलो असतो," खंडारे म्हणाले. "हा राऊत. हा माह्यी गाडी चालवनार. तुमी तुमची. मी तुमच्या मांगं उभा राहीन."

"ये राऊत? इसको तो साइकिल नाही येत!"

"म्हनून तं आनला. तुमाले सोपं जाईन."

यासीनभाई शिव्या देत उठले. उठले, हे महत्त्वाचं.

गोदामात खंडारे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तोंड अगदी कानाजवळ. मला वाटलं होतं ते "डावीकडे, उजवीकडे" सांगतील. तर ते काहीतरी अर्धवटच बोलू लागले. "ड. ड. स. उ. स... स... ड!" शब्दाचं पहिलं अक्षर फक्त. पहिल्या फेऱ्यांत यासीनभाईंची गाडी चारही भिंतींना भेटून आली. यासीनभाई म्हणाले, "बस, रहने दे." खंडारे म्हणाले, "ड."

पाचव्या-सहाव्या फेरीपासून काहीतरी जुळलं. खंडारेंचं अक्षर आणि यासीनभाईंचा अंगठा यांच्यात फट उरली नाही. गाडी भिंतीपासून वीतभर अंतर राखून वळू लागली. मी शेजारी गाडी हाकत होतो, म्हणजे ती मला हाकत होती. दोनदा खांबाला धडकलो, एकदा उलटलो. चारशेपाचशे सरकीच्या पोत्यांची जागा असलेल्या त्या गोदामात मला वळायला जागा पुरत नव्हती. शेवटच्या फेरीत यासीनभाई माझ्या अर्धी फेरी पुढे होते. खंडारे ओरडले, "स! स! स! स!" म्हणजे सरळ सोडा, सुसाट. आणि ते जिंकले.

या वेळी त्यांनी "जीत गया" म्हटलं नाही. गाडी हातात घेतली, मागचं चाक बोटानं फिरवून पाहिलं.

"खंडारे. पीछे का ग्रीस बदला तूने."

"हाव. घट्ट भरलं. मागून घसरू नये म्हनून."

"कितना घट्ट?"

आणि ते दोघं गोदामाच्या जमिनीवर मांडी घालून बसले. घरातून चहा आला, निवला, दुसरा आला. मी पाय पसरून खांबाला टेकलो.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मला खिडकी मिळाली. मी म्हटलं, "साहेब, आपली गाडी हरली."

"तुमी चालवली न."

थोड्या वेळानं, बाहेर पाहत, कुणाला सांगावं तसं नाही, आपलं सहज, ते म्हणाले, "घरी म्हटलं ग्रीस घट्ट केलं, तं हिले वाटते दाराच्या बिजागरीचं बोलून राह्यलो. ऑफिसात म्हटलं तं तुमी हसता. आख्ख्या वऱ्हाडात एकच मानूस हाय, ज्याले मी सांगितलं का तो पुढं इचारते, 'किती?'"

बडनेरा आलं तसे ते गाड्या उचलून दारात जाऊन उभे राहिले.

त्या आठवड्यात बुधवारी त्यांनी मला जिनात बोलावलं. ते स्वतः अजून यायचे होते. शेषराव फाटकात बसला होता. मी त्याला अकोल्याची गंमत सांगितली, ती अर्धवट अक्षरंही सांगितली. तो हसला नाही.

"ते तं इथंच शिकले न साहेब," तो म्हणाला. "महिनाभर. डोयाले रुमाल बांधून. मले म्हने, शेषराव, तू पाहून सांग, मी न पाहता चालवतो. मी सांगू 'डावीकडं', तवरक गाडी भिंतीले. मी म्हटलं साहेब, काहून जीवाले तरास देता, तुमचे डोये तं चांगले हाय. तं म्हने, यासीनले कोनतं अक्षर कवा ऐकू याले पायजे, ते मले तिकडून समजलं पायजे. मंग एक-एक अक्षर कमी करत गेले."

त्यानं भिंत दाखवली. खाली, घोट्याएवढ्या उंचीवर, चुन्यावर संत्र्याच्या रंगाचे ओरखडे होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठे कुठे एकावर एक. मी वाकून पाहत होतो तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली.

"काय पाहून राह्यले तिथं?" खंडारे ओरडले. त्यांच्या हातात दोन्ही रिमोट होते. "या इकडं, गाडी धरा. यासीनभाईचा फोन आलता शेजारच्या दुकानातून. म्हने, समोरचा गडी लय कच्चा आनला तू, मजा नाही आली."